सालीचा तुकडा किती मोठा? एका पेपरचं सावकाश वाचन

वसई पूर्वेला सातिवलीत माझ्या मामाचा गाळा आहे. तिथे पॅलेट बनतात, म्हणजे जड माल ज्यावर ठेवून फोर्कलिफ्टने उचलतात त्या लाकडी चौकटी. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्याचे पंधरा पॅलेट एका गिऱ्हाइकाकडून परत आले. खिळे नीट, माप नीट, उष्णता दिल्याचा शिक्काही नीट. तक्रार एकच होती, काही पट्ट्यांच्या कडेला साल राहिली होती. मामा माझ्यावरच वैतागला. "तू लाकडातल्या किड्यांवर पीएचडी करतेस ना? मग सांग. आत जे होतं ते भट्टीत मेलं. आता या चिमूटभर सालीला कोण घाबरतंय?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं बऱ्यापैकी उत्तर एका पेपरमध्ये मिळतं, आणि आज तोच पेपर आपण सोबत वाचणार आहोत. पेट झाली, गाईड मिळाले आणि ‘आता लिटरेचर रिव्ह्यू करा’ असं सांगून ज्यांना वाऱ्यावर सोडलंय, त्यांच्यासाठी मुद्दाम हा पेपर निवडला. तो चांगला आहे. वाईट पेपरवर टीका करून फारसं काही शिकता येत नाही.

आधी नियम काय आहे ते बघू. लाकडी पेट्या आणि पॅलेट यांमधून किडे एका देशातून दुसऱ्या देशात जातात, म्हणून २००२ साली एक आंतरराष्ट्रीय मानक आलं, आयएसपीएम १५. त्यानुसार लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस तापमान सलग ३० मिनिटं पोचलं पाहिजे. मग त्यावर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, देशाचा कोड आणि ‘एचटी’ ही अक्षरं असा शिक्का बसतो. पुढे २००९ च्या सुधारणेत सालीबद्दल स्पष्ट मर्यादा आली. लाकूड सोललेलंच हवं. पण सुटे सुटे तुकडे राहिले तर दोन सवलती आहेत. तुकडा ३ सेंटीमीटरपेक्षा कमी रुंद असेल तर लांबी कितीही चालेल. त्याहून रुंद असेल तर त्याचं एकूण क्षेत्रफळ ५० चौरस सेंटीमीटरपेक्षा कमी हवं.

आता मामाचा प्रश्न. भट्टीची उष्णता आत असलेल्यांना मारते, पण ती लाकडात काही मागे ठेवून जात नाही. औषध मारलेल्या लाकडासारखा पुढचा पहारा तिथे नसतो. भट्टीतून निघालेलं ओलसर लाकूड उघड्यावर राहिलं की नवा भुंगेरा येऊ शकतो. तो येतो का, आला तर त्याची पिल्लावळ जगते का, आणि यात सालीचा वाटा किती, हे रॉबर्ट हॅक आणि टोबी पेट्रिस या दोघांनी तपासलं. दोघेही अमेरिकेच्या वनखात्याचे संशोधक. पेपर २००९ साली ‘जर्नल ऑफ इकॉनॉमिक एंटोमॉलॉजी’मध्ये आला.

त्यांनी उष्णता दिलेले सालीसकट ओंडके आणि कापलेल्या फळ्या बाहेर ठेवल्या. काही फळ्यांवर सालीचे मोजून तुकडे राखले होते, साधारण २५, १००, २५० आणि १००० चौरस सेंटीमीटरचे. काही फळ्या पूर्ण सोललेल्या. सोललेल्या फळ्यांकडे भुंगेरे फिरकले नाहीत, मग उष्णता दिलेली असो वा नसो. साल असलेल्या फळ्यांवर मात्र दोन गटांनी अंडी घातली. एक गट लांब मिशांच्या भुंगेऱ्यांचा, म्हणजे आपल्याकडे आंब्याच्या खोडात जो भिरूड असतो त्याचे भाऊबंद. दुसरा गट बार्क बीटलचा, जे सालीच्या आतच जन्मतात, खातात, वाढतात. अंडी चारही मापांच्या तुकड्यांवर पडली, पार २५ वाल्यावरसुद्धा. पण बार्क बीटलची वाढ पूर्ण झाली ती १०० आणि त्याहून मोठ्या तुकड्यांत. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांची फक्त १००० वाल्यात.

इथे जरा थांबा. मला या पेपरमधली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते, आणि घाईत वाचणारा तिच्यावरून पुढे जातो. अंडी घालणं आणि वाढ पूर्ण होणं या दोन घटना लेखकांनी वेगळ्या मोजल्या. आई २५ चौरस सेंटीमीटरच्या तुकड्यावरही अंडी घालते. पिल्लांना इथे पुरणार की नाही, हा हिशेब तिने केलेला नसतो. फक्त अंडी मोजली असती तर निष्कर्ष निघाला असता की तुकड्याच्या आकाराने काही फरक पडत नाही. फक्त बाहेर आलेले प्रौढ मोजले असते तर लहान तुकड्यांवर कुणी येतच नाही असं वाटलं असतं. ‘या झाडावर कीड येते’ असं एखादा पेपर म्हणतो तेव्हा येते म्हणजे नेमकं काय करते, बसते, अंडी घालते की वंश वाढवते, हे पद्धतीच्या भागात जाऊन शोधा.

आता ज्या निकालासाठी मी हा पेपर चार वेळा वाचला तो सांगते. लेखकांनी १०० चौरस सेंटीमीटरचे तुकडे दोन आकारांत ठेवले होते, १० बाय १० चा चौकोन आणि ४ बाय २५ ची पट्टी. क्षेत्रफळ तेच. तरीही बार्क बीटल चौकोनात जास्त जगले.

का? कागद घ्या आणि आकडे मांडा. चौकोनाची एकूण कड ४० सेंटीमीटर, पट्टीची ५८. चौकोनाच्या मधोमध बसलेली अळी जवळच्या कडेपासून ५ सेंटीमीटर आत असते. पट्टीत ती कुठेही बसली तरी कड २ सेंटीमीटरच्या आतच. साल वाळते ती मुख्यतः कडेकडून, कारण तिथे ती लाकडापासून सुटायला लागते. म्हणजे अळीच्या दृष्टीने ‘किती चौरस सेंटीमीटर’ याला तसा अर्थच नाही. तिला ओलं अन्न किती दिवस मिळणार यावर तिचं जगणं ठरतं, आणि क्षेत्रफळ हे त्याचं आपण शोधलेलं सोयीचं माप आहे.

एवढं समजलं की नियमातली एक विचित्र वाटणारी गोष्टही उलगडते. २.९ सेंटीमीटर रुंद आणि १ मीटर लांब सालीची पट्टी नियमात बसते. तिचं क्षेत्रफळ २९० चौरस सेंटीमीटर भरतं. उलट ८ बाय ८ चा तुकडा, जेमतेम ६४, तो चालत नाही. मामाला हे दाखवल्यावर तो म्हणाला, "हा नियम बनवणारा कधी गाळ्यात आलाय का?" पण त्या लांब पट्टीत एकही जागा कडेपासून दीड सेंटीमीटरपेक्षा आत नसते. नियम वेडपट नाही. फक्त त्यामागचं कारण त्यात लिहिलेलं नाही. परत आलेले पॅलेट आम्ही मग पट्टी घेऊन मोजले. दहा नियमात बसत होते, पाच नव्हते. पंधराही परत घेण्याची गरज नव्हती, पण पाच परत यायलाच हवे होते, हे मामाने कबूल केलं. तेव्हापासून सोलणाऱ्या पोऱ्याच्या खिशात तीन सेंटीमीटरची एक खूण केलेली पट्टी असते.

इथपर्यंत कौतुक झालं. आता पेपर कुठे ताणला की तुटतो ते बघू.

पहिली गोष्ट मापांमधल्या मोकळ्या जागांची. २५ आणि १०० यांच्या मध्ये काही तपासलेलं नाही, आणि नियमातली ५० ची रेघ नेमकी त्याच मोकळ्या जागेत येते. त्यामुळे ‘५० च्या आत भुंगेरे वाढत नाहीत हे हॅक आणि पेट्रिस यांनी सिद्ध केलं’ असं कुणी लिहिलं तर ते चूक. २५ मध्ये वाढ पूर्ण झाली नाही, १०० मध्ये झाली, एवढंच हातात आहे. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांचं तर आणखी अवघड. २५० मध्ये नाही, १००० मध्ये हो, म्हणजे मधे ७५० चौरस सेंटीमीटरचं मैदान रिकामं. ‘त्यांना १००० लागतं’ हे वाक्य मी स्वतः एका सेमिनारमध्ये बोलले आहे. त्यांना २६० सुद्धा पुरत असेल. हा प्रयोग ते नाकारू शकत नाही. मी हा लेखकांचा दोष म्हणत नाही. चार मापं निवडली की मधली मापं सुटणारच. पुढे जो तो आकडा उचलतो त्याने मात्र शेजारचा आकडाही सोबत उचलावा.

याच्या जोडीला ‘शून्य’ कसं वाचायचं ते शिकून घ्या. समजा, ३० तुकडे ठेवले आणि एकातही वाढ पूर्ण झाली नाही. (हा ३० चा आकडा माझा, उदाहरणापुरता.) याचा अर्थ शक्यता शून्य, असा होत नाही. एक ढोबळ हिशेब आहे, ३ ला नमुन्यांच्या संख्येने भागायचं. ३० तुकड्यांत शून्य आलं तर खरा दर १० टक्क्यांपर्यंतही असू शकतो. जिथे वर्षाला लाखो पॅलेट समुद्र ओलांडतात तिथे १० टक्के सोडाच, एक टक्काही थोडा नाही.

दुसरी गोष्ट बंदरांच्या पाहणीची. याच पेपरमध्ये २००६ साली अमेरिकेतल्या सहा बंदरांवर केलेली पाहणी आहे. शिक्का असलेल्या ५,९४५ वस्तू बघितल्या, त्यातल्या साधारण ९ टक्क्यांवर साल होती. साल असलेल्या ५६४ वस्तूंपैकी १.२ टक्क्यांत सालीखाली जिवंत किडे सापडले. टक्केवारी दिसली की तिचं परत मोजणीत रूपांतर करायचं, ही सवय लावून घ्या. ५६४ चे १.२ टक्के म्हणजे सात वस्तू. सात! सात नमुन्यांवर उभ्या असलेल्या दराभोवतीची अनिश्चितता काढली तर ती साधारण अर्ध्या टक्क्यापासून अडीच टक्क्यांपर्यंत जाते. आणि ते किडे भट्टीतून वाचलेले होते, की भट्टी नीट लागलीच नव्हती, की नंतर बाहेरून शिरले, हे नुसत्या मोजणीवरून कळत नाही. फळ्यांचा प्रयोग तिसरी शक्यता खरी असू शकते एवढं दाखवतो. बंदरातले सात तसेच शिरले होते असं तो दाखवत नाही. दोन भक्कम भाग एकाच पेपरमध्ये शेजारी ठेवले की वाचणाऱ्याच्या डोक्यात त्यांचा पूल आपोआप बांधला जातो. तो आपणच बांधलाय, हे लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीतून आली आहे, म्हणून जरा लांबण लावते.

माझ्या पहिल्या आरएसी मीटिंगमध्ये मी एक स्लाइड अभिमानाने लावली होती, ‘सालीची जाडी वाढली की भुंगेऱ्यांची संख्या वाढते’. आधार म्हणून जीन अ‍ॅमन यांचा १९७२ चा पेपर. माउंटन पाइन बीटल हा तांदळाच्या दाण्याएवढा भुंगेरा आणि लॉजपोल पाइन हे झाड, यांच्यावरचं ते गाजलेलं काम. माझी मोजमापंही तयार होती. आंब्याच्या खोडांवर गेज टोचून मी साल मोजली होती, चांगली शंभरेक खोडं. समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "बाहेरची साल मोजलीत की आतली?" मी म्हटलं, "दोन्ही मिळून." त्या म्हणाल्या, "मग अ‍ॅमन यांनी काय मोजलं होतं?"

अ‍ॅमन यांनी फ्लोएमची जाडी मोजली होती. म्हणजे आतली, जिवंत, रस वाहून नेणारी साल. अळी तिच्यावर जगते. ती जाड तर अन्न जास्त, पिल्लं जास्त. बाहेरची मेलेली, बुचासारखी साल म्हणजे अन्न नव्हे, फार तर भिंत. माझ्या आंब्यांच्या जुन्या खोडांवर बाहेरचीच साल जाड होती. मी भिंत मोजली आणि जेवणाबद्दल बोलले. पेपरच्या शीर्षकात ‘फ्लोएम’ हा शब्द ठळक आहे. मी वाचताना त्याचं मनातल्या मनात ‘साल’ केलं आणि तिथेच घसरले. मराठीत विचार करून इंग्रजीत वाचणाऱ्यांना ही भीती कायम असते. आपल्याकडे दोन्हीला ‘साल’च म्हणतात, आणि रोजच्या बोलण्यात त्याने काही बिघडतही नाही.

तेव्हापासून ‘सालीचे गुणधर्म’ असं कुठे दिसलं की मी विचारते, कोणता गुणधर्म, आणि किड्याच्या आयुष्यातल्या कोणत्या टप्प्यावर? कोलोरॅडोत फेरनबर्ग आणि मिटन यांनी २०१४ साली लिंबर पाइनवर दाखवलं की गुळगुळीत सालीच्या झाडांवर हल्ला कमी होतो, कारण माउंटन पाइन बीटलला तिथे पायच रोवता येत नाहीत, तो पडतो. हा बाहेरच्या पृष्ठभागाचा गुण आणि प्रौढ भुंगेऱ्याचा प्रश्न. अन्नाचा इथे संबंध नाही. काजूवरचा रोठा मादीला खोडाच्या बुंध्याजवळच्या भेगा लागतात, कारण ती अंडी तिथे लपवते. हाही बाहेरचाच गुण, पण टप्पा वेगळा. पुढे तिच्या अळ्या आतली साल खात झाडाला कंगोरा घालतात आणि मग जाडी, ओल, डिंक हे सगळं महत्त्वाचं ठरतं. कोकणातल्या काजूवाल्यांना हे पेपर न वाचता माहीत आहे. बुंध्याशी भुसा आणि डिंक दिसला की ते पटाशी घेऊन अळी शोधायला बसतात.

ओलीचं उदाहरण तर मला फारच आवडतं. कॅलिफोर्नियात हँक्स, पेन आणि मिलर यांनी १९९१ मध्ये निलगिरीवरच्या लांब मिशांच्या भुंगेऱ्याचा अभ्यास केला. तिथे सालीत पाणी भरपूर असलं तर नुकती जन्मलेली अळी कॅम्बियमपर्यंत पोचूच शकत नाही. तहानलेल्या झाडाची साल कोरडी पडते आणि मग अळी सहज आत जाते. म्हणजे उभ्या निलगिरीला ओल वाचवते, आणि पॅलेटवरच्या तुकड्यात ओल अळीला वाचवते. दोन्ही पेपर बरोबर आहेत. रिव्ह्यू लिहिताना हे दोन शेजारी ठेवून ‘निष्कर्ष परस्परविरोधी आहेत’ असं लिहून मोकळं होणारे पुष्कळ. एक जिवंत झाडाबद्दल बोलतोय, दुसरा कापलेल्या फळीबद्दल, एवढं बघितलं तर विरोध उरत नाही.

आता परत सातिवलीला येऊ, कारण हॅक आणि पेट्रिस यांच्या पेपरबद्दलचा माझा खरा आक्षेप, किंवा आक्षेप म्हणण्यापेक्षा माझी खरी अडचण, इथे आहे.

फळीवरचं सालीचं तुकडं लवकर वाळतं, हा त्या सगळ्या निकालाचा कणा आहे असं मी वर म्हटलं. मे महिन्यात मामाच्या पत्र्याच्या शेडखाली ते खरंच लवकर वाळतं. जुलैत? तुंगारेश्वरच्या डोंगरावरून ढग खाली उतरलेले, भिंतींना बुरशी, दोरीवरचे कपडे तीन तीन दिवस ओले. अशा हवेत कडेपासून दीड सेंटीमीटरवर असलेली अळी किती दिवस तग धरेल? उत्तर अमेरिकेच्या हवेतला आकडा वसईच्या पावसाळ्यात तसाच लागू पडेल असं गृहीत धरायला माझ्याकडे काही आधार नाही. उलट शंका घ्यायला कारण आहे.

भुंगेरेही बदलतात. उष्ण, दमट प्रदेशात या कुळातल्या अँब्रोशिया बीटलचा भरणा जास्त असतो. हे साल खात नाहीत. ते साल भेदून लाकडात शिरतात, सोबत आणलेली बुरशी बोगद्यांच्या भिंतींवर वाढवतात आणि तीच खातात. सांगोल्याच्या डाळिंबबागांत शेतकरी ज्याला पिन होल बोरर म्हणतात तो याच जातकुळीचा. रॉजर बीव्हर यांनी १९७९ साली ‘नेचर’मध्ये दाखवलं होतं की या कुळातले उष्ण प्रदेशातले भुंगेरे थंड प्रदेशातल्यांपेक्षा यजमान झाडाबाबत कमी चोखंदळ असतात. ज्याला सालीतून जेवायचं नाही आणि झाडही फारसं निवडायचं नाही, त्याला सालीच्या तुकड्याचं क्षेत्रफळ काय सांगणार? त्याच्यासाठी लाकडातली ओल महत्त्वाची, सालीची नव्हे. पाइन, स्प्रूसवरचे निष्कर्ष आपल्या सिनॉप्सिसमध्ये जसेच्या तसे आणून बसवणाऱ्यांनी (त्यात मीही होते) इथे विशेष जपावं. ऐनाच्या मगरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीवर आणि पेरूच्या पापुद्रे टाकणाऱ्या गुळगुळीत सालीवर एकच सूत्र चालवायला आपल्याकडे अजून तेवढी मोजमापं कुठे आहेत?

पट्टी विरुद्ध चौकोन या निकालातही एक गाठ सुटायची राहते. पट्टीत भुंगेरे कमी जगले ते वाळण्यामुळे, असं मी सांगितलं, आणि मला ते पटतंही. पण दुसरंही कारण असू शकतं. मादी सालीखाली बोगदा कोरत जाते, अळ्या त्याच्या दोन्ही बाजूंना फाटे काढत खात सुटतात. अरुंद पट्टीत फाटे लगेच कडेला धडकतात. म्हणजे ओल भरपूर असली तरी वाढायला जागा नाही. तहान की अडचण? नुसता आकार बदलून हे वेगळं करता येत नाही, कारण आकार बदलला की दोन्ही एकदम बदलतात. तुम्ही असता तर काय केलं असतं? वाचणं थांबवा आणि दोन मिनिटं विचार करा.

मी जे करते आहे ते साधं आहे. ओंडक्यांच्या टोकांना मेण लावून ते वाळू न देणं ही या क्षेत्रातली जुनी युक्ती. तेच मेण मी सालीच्या कडांना लावते. ७ बाय ७ चे तुकडे आणि २.९ बाय १७ च्या पट्ट्या, दोन्ही ४९ चौरस सेंटीमीटरच्या आसपास, दोन्ही नियमात बसणारे. निम्म्यांच्या कडा मेणाने बंद, निम्म्यांच्या उघड्या. मेण लावलेल्या पट्टीत भुंगेरे चौकोनाइतके जगले तर दोष वाळण्याचा. तरीही मेले तर जागेचा. लाकूड आंब्याचं, कारण ते इथे मिळतं आणि इथल्या भुंगेऱ्यांना ओळखीचं आहे. मामाने गाळ्यामागची शेड दिली आहे, भाडं म्हणून त्याला निकाल आधी सांगायचा.

पहिली फेरी मे महिन्यात लावली आणि फसली. पत्र्याखालच्या उकाड्यात मेण मऊ पडून ओघळलं, कडा उघड्या पडल्या, आणि अर्ध्या तुकड्यांवरचे नंबरही मेणाखाली गेले. आता जास्त तापमानाला वितळणारं मेण आणलंय, नंबर खडूऐवजी खिळ्याने कोरलेत, आणि तुकडे पावसाळ्याच्या फेरीसाठी पुन्हा मांडले आहेत. सोलणारा पोऱ्या रोज येता-जाता त्यांच्याकडे बघतो. सगळ्या गाळ्यात मुद्दाम साल ठेवलेली तेवढीच लाकडं आहेत, आणि ती सोलायची नाहीत हे त्याला अजून पटलेलं नाही.